कीर्तनाच्या कमाईचा हिशेब : गाडगेबाबा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी गायकांची नावे आठवू लागलो की बालगंधर्व, सवाई गंधर्व, केसरबाई केरकर अशी मोठी मालिका डोळ्यांपुढे उभी राहते. नाट्यगृहे, संस्थानिकांचे दरबार, ध्वनिमुद्रिका आणि पुढे आकाशवाणी या मार्गांनी त्यांचा स्वर दूरवर पोहोचला. त्याच काळात आणखी एक स्वर महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घुमत होता. त्याला नाट्यगृह नव्हते, तिकीट नव्हते, साथीला नामवंत वादकही नव्हते. बाजाराचा ओटा, नदीचे वाळवंट आणि जत्रेचे मैदान हीच त्याची रंगभूमी. गाणाऱ्याच्या अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, जवळ मातीचे गाडगे आणि हातात खराटा. रात्र चढू लागली की हजारो माणसे जमिनीवर बसून हा गळा ऐकत आणि पहाटे उठून जाताना आपली एखादी सवय, एखादे कर्ज, एखादा नवस यांचा नव्याने विचार करू लागत.

गाडगेबाबांना आपण स्वच्छतेचे संत म्हणून ओळखतो. खराटा इतका डोळ्यांत भरतो की गळ्याचा विसर पडतो. परंतु त्यांच्या नावावर उभ्या असलेल्या धर्मशाळा, सदावर्ते, वसतिगृहे आणि घाट यांचा पैसा खराट्याने जमलेला नाही. तो कीर्तनाने जमला. एका निरक्षर माणसाने केवळ गाऊन आणि बोलून लोकांकडून लाखो रुपयांची कामे करवून घेतली आणि त्यांतील एक विटेवरही आपले नाव लावले नाही. या लेखात त्यांच्या आयुष्याकडे मुख्यतः याच बाजूने पाहावयाचे आहे.

बौद्ध समाजाने चालविलेल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत विठ्ठलनामाचा गजर करणाऱ्या कीर्तनकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उठेल. तो रास्त आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला संतांच्या मूर्ती नको आहेत, आणि स्वतः बाबांनाही त्या नको होत्या. या प्रश्नाचे उत्तर पंढरपूरच्या एका इमारतीत आहे. तिच्यापर्यंत जाण्यापूर्वी मुळापासून सुरुवात करणे बरे.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. तेव्हाचा वऱ्हाड कागदोपत्री निजामाच्याच मुलखातला होता आणि कारभार मात्र इंग्रजांकडे होता. म्हणजे आपल्या नांदेड-लातूरचा आणि डेबूजींच्या गावचा धनी एका अर्थाने एकच. परीट म्हणजे इतरांचे कपडे धुणारी जात. ज्यांच्या अंगावरचा मळ काढायचा त्यांच्याच अंगणात उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, हा त्या कामाबरोबर येणारा मान. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच वारले. त्या वेळी डेबूजी सात-आठ वर्षांचे होते. विधवा सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या. पुढे बाबांच्या कीर्तनात दारूवर जो प्रहार येई, तो असा घरातून आलेला होता.

दापुऱ्यात डेबूजी गुरे राखू लागले आणि मोठे होऊन उत्तम शेतकरी झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. गाण्याचे शिक्षणही कोणाकडे घेतले नाही. गुरांमागे हिंडताना आणि रात्री गावच्या भजनात बसताना जे कानावर पडले तेच त्यांचे गायनाचे विद्यालय. अभंग पाठ होत गेले, आवाज मोकळा होत गेला. याच काळात सावकारीचा धडा मिळाला. मामांनी सावकारावर विश्वास ठेवला, कागदावर काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, आणि बघता बघता जमिनीवर सावकाराचा हक्क सांगितला जाऊ लागला. त्या धक्क्याने मामा खचले आणि गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी ताबा मिळू दिला नाही. मात्र अंगठा उठवणाऱ्याची जमीन अक्षर जाणणाऱ्याच्या घशात जाते, हे त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. शिक्षणाविषयीची त्यांची तळमळ येथून सुरू होते. ती पुस्तकातून आलेली नव्हती, कारण पुस्तक त्यांना वाचताच येत नव्हते.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारूची पंगत द्यायला हवी होती. डेबूजींनी गोड जेवण वाढले. आज हे फार साधे वाटते. पण जातपंचायतीचा धाक असलेल्या त्या काळात पंगतीचा रिवाज मोडणे म्हणजे जातीबाहेर पडण्याची तयारी ठेवणे होते. बायाबापड्यांपासून पंचांपर्यंत सर्वांनी नावे ठेवली आणि शेवटी जेवलेही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. वयाचे एकोणतिसावे वर्ष चालू होते. आई, पत्नी, मुले, शेत, बैल असे सारे मागे राहिले. गौतमाच्या गृहत्यागाशी या घटनेची तुलना अनेकांनी केली आहे. ती मोहक आहे, पण जपून करावी. सिद्धार्थाच्या मागे राजवाडा होता. कुंताबाईंच्या मागे रोजची मजुरी होती. बाबांच्या थोरवीची किंमत या बाईंनी आयुष्यभर झोपडीत राहून चुकती केली. पुढे बाबांच्या शब्दावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हाही त्यांतील एखादी खोली पत्नीला किंवा मुलींना मिळाली नाही. नातेवाइकांना या संस्थांच्या पैशावर हक्क सांगता येऊ नये, याची बाबांनी कसून काळजी घेतली. सार्वजनिक पैशाबाबत एवढी कडक शिस्त आपल्याकडे दुर्मीळ आहे आणि तिचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र ते करताना कुंताबाईंचे नाव गाळले तर हिशेब अपुरा राहील.

पुढची बारा वर्षे भटकंतीची. गावात शिरायचे, न सांगता रस्ता झाडायला लागायचे, कोणाच्या शेतात काम करायचे, मिळाली तर गाडग्यात भाकरी घ्यायची आणि रात्री गावकऱ्यांना जमवून कीर्तन करायचे. लोक गोधडेबुवा, चापरेबुवा, गाडगेबुवा अशा नावांनी त्यांना हाक मारू लागले. पूर्णा नदीकाठच्या ऋणमोचन येथे पौषात जत्रा भरते. तेथे चिखलातून वाट काढणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी घाट बांधवून घेतला आणि अंधळ्या-पांगळ्यांना अन्नवस्त्र वाटण्याची प्रथा पाडली. त्यांच्या दानकार्याची सुरुवात अशी एका नदीकाठच्या चिखलातून झाली.

आता त्या कीर्तनाविषयी. वारकरी किंवा नारदीय कीर्तनाचे ठरलेले साचे त्यांनी बाजूला ठेवले होते. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान यांची मांडणी नाही, संस्कृत श्लोकांची पखरण नाही. तुकोबांचे आणि कबीराचे एखादे वचन घ्यायचे, देवकीनंदनाच्या नावाचा गजर सुरू करायचा, सारा जमाव त्यात ओढायचा आणि मग अचानक थांबून समोरच्यालाच प्रश्न विचारायचा. प्रश्न अगदी साधे असत. देवाला बकरे लागते का, दगडाला तहान लागते का, कर्ज काढून लग्न केल्यावर व्याज कोण भरतो, मुलगा शाळेत जातो की गुरांमागे. उत्तर श्रोत्यांनीच द्यायचे. चुकीचे आले तर बाबा भोळेपणाचा आव आणून आणखी एक प्रश्न टाकीत आणि उत्तर देणाऱ्याला आपल्याच उत्तराचे हसू येई. पुन्हा गजर, पुन्हा टाळ्या, पुन्हा प्रश्न. भाषा शुद्ध वऱ्हाडी. गाणे आणि संवाद यांची अशी वीण बसलेली असे की कोठे गाणे संपले आणि कोठे शिकवण सुरू झाली ते कळत नसे. सॉक्रेटिसाच्या पद्धतीशी अभ्यासकांनी याचे साम्य दाखवले आहे. पण श्रोत्याला आपल्या अनुभवाच्या कसोटीवर प्रत्येक गोष्ट घासून पाहायला लावणे, हे आपल्या परंपरेतील कालाम सुत्ताशीही जुळते. बाबांनी ते ऐकलेले असण्याची गरज नाही. समोरच्याची बुद्धी जागी करायची म्हटली की वाट बहुधा हीच सापडते.

सावकार, भोंदू बुवा, पशुबळी, हुंडा, दारू आणि शिवाशीव हे त्यांच्या कीर्तनाचे नेहमीचे विषय. स्वतःला त्यांनी कोणाचा गुरू म्हणवून घेतले नाही आणि कोणाला शिष्य केले नाही. पायाला हात लावायला येणाऱ्याला काठीचा प्रसाद मिळे. तीर्थक्षेत्री आयुष्यभर जात राहिले, पण देवळात जाऊन मूर्तीपुढे हात जोडण्यात त्यांना रस नव्हता. पंढरीच्या वारीत सारे विठ्ठलाकडे धावत असता हा माणूस चंद्रभागेचे वाळवंट झाडत असे.

१९२३ च्या मे महिन्यातील खारेपाटणचा प्रसंग सर्वश्रुत आहे. कोकणातील त्या गावी कीर्तन चालू असताना हयात असलेला एकुलता एक मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. बाबा क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे सुरू केले. चरित्रकारांनी या प्रसंगात वैराग्य पाहिले आहे. जगात रोज कितीतरी बापांची मुले मरतात आणि आपण त्यांच्यासाठी रडत नाही, तर आपल्या एकट्यासाठी का रडावे, असा त्यांचा भाव होता. मृत मुलाला घेऊन आलेल्या किसा गोतमीला भगवान बुद्धांनी ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरातून मोहरी आणायला पाठविले होते. त्या कथेची येथे आठवण होते खरी. तरीही त्या रात्री दापुऱ्यात एकट्या पडलेल्या आईचे काय झाले असेल, हा विचार वाचकाच्या मनातून जात नाही, आणि जाऊ नये.

बाबांचे नाव झाले तसे कीर्तनाला येणारे लोक बदलत गेले. शेतकरी-मजुरांच्या जोडीला व्यापारी, गिरणीमालक, वकील, अधिकारी येऊ लागले. मुंबईचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर त्यांचे चाहते होते. प्रत्येकजण काहीतरी देऊ पाहत होता. बाबांची रीत ठरलेली होती. स्वतःसाठी काही घ्यायचे नाही. पैशाला आपला हात लावायचा नाही. अमक्या गावी अमके काम आहे, ते तुम्ही करा, असे देणाऱ्यालाच सांगायचे. पंच नेमायचे, कागद करायचा, व्यवस्था लावायची आणि पुढच्या गावाला निघायचे. ज्या धर्मशाळेसाठी आपण गायलो तिच्या खोलीत झोपायचे नाही, बाहेर झाडाखाली अंग टाकायचे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी, मुंबई अशी ही कामे पसरत गेली. नाशिकला गोदावरीकाठी मोठी धर्मशाळा आणि सदावर्त सुरू झाले. त्याच गोदेच्या काठी, आपल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात, जात न विचारता सर्वांना एका पंगतीत बसवणारा लंगर पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, हे नांदेडकरांना वेगळे सांगायला नको. बाबांच्या अन्नछत्रांची जातकुळी तीच.

आता पंढरपूरची ती इमारत. आषाढी-कार्तिकीला राज्यभरातून वारकरी येत, त्यात महार वारकरीही हजारोंनी असत. लातूर, नांदेड, उस्मानाबाद या भागांतून पायी येणाऱ्या दिंड्या आजही आपल्या परिचयाच्या आहेत. पण मंदिर अस्पृश्यांना बंद होते. ते उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण यावे लागले. धर्मशाळाही बंद होत्या. पंधरा-वीस दिवस चालून आलेला महार वारकरी नदीच्या वाळवंटात पावसात भिजत पडे. ज्या चोखोबांची समाधी मंदिराच्या पायरीशी आहे, त्यांच्या वंशजांना त्या पायरीपलीकडे जागा नव्हती. १९१७ च्या सुमारास बाबांनी या लोकांसाठी धर्मशाळेचे काम हाती घेतले. कीर्तनामागून कीर्तने झाली, पैसा उभा राहिला आणि चोखामेळा धर्मशाळा बांधून झाली. ज्या गावात अस्पृश्याला उभे राहायला ओसरी नव्हती, तेथे त्याच्या हक्काचे पक्के छप्पर झाले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे लिहिली पाहिजे. पंढरपुरात बाबांनी मराठा धर्मशाळा वेगळी, परीट धर्मशाळा वेगळी आणि चोखामेळा धर्मशाळा वेगळी अशी कामे केली. म्हणजे जात मोडा असे रात्रभर गाणाऱ्या माणसाच्या धर्मशाळा जातवार उभ्या राहिल्या. त्यांच्या बाजूने असे म्हणता येते की त्या काळी सरमिसळ धर्मशाळा बांधली असती तर देणगीदार मिळाले नसते, आणि मिळाले असते तरी व्यवस्थापकांनी महारांना दारातूनच परत पाठवले असते. हे खरे आहे. पण छप्पर देणे आणि पंगत एक करणे यांत अंतर आहे. ते अंतर कीर्तनाने ओलांडले जात नव्हते, आणि ते ओलांडण्यासाठी महाड व काळारामचा संघर्ष करावा लागला, हेही तितकेच खरे. दया आणि हक्क या दोन वेगळ्या वाटा. बाबा पहिल्या वाटेने चालत होते आणि बाबासाहेब दुसऱ्या. आश्चर्य वाटते ते याचे की या दोन वाटा पुढे एके ठिकाणी मिळाल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोणाही साधुबुवाच्या नादी लागणारे गृहस्थ नव्हते. गाडगेबाबांविषयी मात्र त्यांना मनापासून आदर होता, आणि बाबांना तर या बॅरिस्टरचा विलक्षण अभिमान. खराटा हाती घेतलेल्या निरक्षराला त्या विद्वत्तेत आपल्या कीर्तनाचे फळ दिसत असावे. शिक्षणाचा विषय निघाला की कीर्तनात बाबासाहेबांचे उदाहरण येई. जेवायचे ताट मोडा, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्या, पण मुलाला शाळेत घाला, या आशयाचे त्यांचे सांगणे होते आणि पुराव्याला आंबेडकर होते. १९४९ च्या जुलै महिन्यात बाबा आजारी पडून मुंबईच्या रुग्णालयात होते. देशाचे कायदेमंत्री असलेले बाबासाहेब त्यांना भेटायला गेले आणि जाताना दोन घोंगड्या घेऊन गेले. आयुष्यभर कोणाचेही काही न घेणाऱ्या बाबांनी त्या ठेवून घेतल्या, असे सांगितले जाते.

याच काळात बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. या कृतीचा अर्थ नीट पाहावा. वारकऱ्यांसाठी कीर्तनातून बांधलेली वास्तू, वर्षाकाठी काही दिवस यात्रेकरूंच्या उपयोगी पडणारी, ती विद्यार्थ्यांसाठी बाराही महिने खुली झाली. ज्या गळ्याने विठ्ठलाच्या नावावर पैसा जमवला त्यानेच तो शाळेच्या खात्यात टाकला. तोपर्यंत पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले होते, आणि १९५० मध्ये औरंगाबादला जे महाविद्यालय निघाले, तेच पुढचे मिलिंद. निजामाचा अंमल जाऊन जेमतेम दोन वर्षे झालेली, नांदेडला उच्च शिक्षणाची नुकती सुरुवात आणि लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. अशा वेळी आपल्या भागातील पहिल्या पिढीची मुले पत्र्याची पेटी घेऊन नागसेनवनात पोहोचली आणि वसतिगृहाच्या भाकरीवर पदवीधर झाली. आज या स्मरणिकेचे वाचक असलेल्या अनेक कुटुंबांत तशी एखादी पेटी अजून माळ्यावर असेल. वसतिगृह नसते तर शाळा असूनही उपयोग नव्हता, हे ज्यांनी भोगले त्यांना पंढरपूरच्या त्या हस्तांतरणाचे मोल निराळे समजावून द्यावे लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही बाबांचे असेच नाते होते. भाऊरावांची वसतिगृहे सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारी. त्या कामासाठी बाबांनी कीर्तनातून लोकांना हाक दिली. १९५४ साली रयत शिक्षण संस्थेने कराड येथे महाविद्यालय काढले तेव्हा त्याला सद्‌गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. एका निरक्षराचे नाव महाविद्यालयाला, आणि तेही त्याच्या हयातीत! बाबांच्या वाट्याला जिवंतपणी आलेला हा बहुधा सर्वांत मोठा जाहीर सन्मान. १९५२ साली प्रबोधनकार ठाकरे यांनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत विखुरलेल्या सर्व कामांना एका छत्राखाली आणण्यासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. बाबांच्या नावापुढे त्यांतले काही नाही. ताम्रपट, मानपत्र, शाल यांचे त्यांना वावडेच होते.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ गरीब रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली, ती त्यांच्या अखेरच्या वर्षांतली. पंढरीची वाट सोडून हा माणूस आता रुग्णालयाच्या दारात धर्मशाळा बांधू लागला होता. माझ्या मते त्यांच्या कार्यातील हे वळण पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. तीर्थक्षेत्री जाणारा निदान आपल्या इच्छेने जातो. खेड्यातून मुंबईच्या रुग्णालयात आलेला माणूस निरुपायाने येतो, आणि फुटपाथवर झोपतो. खरी धर्मशाळा कोठे हवी, हे त्यांना आयुष्याच्या शेवटी स्पष्ट दिसले होते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे कीर्तन झाले. ते ध्वनिफितीवर उतरवून घेतले गेले, म्हणून तो आवाज आजही ऐकता येतो. ऐंशीचे वय, आजाराने खिळखिळे झालेले शरीर, तरी आवाजात कंप नाही. प्रश्न टाकायची ती जुनी पद्धत, लोकांच्या हशाचा लोट आणि त्यावर स्वार होणारा गजर. संगीताच्या कसोटीवर तो गळा फार तयारीचा म्हणता येणार नाही. पण लय अशी की पोलिसांपासून पोरांपर्यंत सारे त्यात वाहून जातात. आपल्या मुलांना तो एकदा अवश्य ऐकवावा.

त्याआधी महिनाभरच, १४ ऑक्टोबरला, नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा झाला होता. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ही बातमी बाबांना फार लागली. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच त्यांनी प्राण सोडला. घर नसलेल्या माणसाचा शेवट रस्त्यावर झाला.

मरणानंतर मात्र सन्मानांची रीघ लागली. १९७७ साली राजदत्त यांनी त्यांच्या जीवनावर ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट काढला, त्यात डॉ. श्रीराम लागूंनी बाबांची भूमिका केली. १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट काढले. २००० सालापासून राज्य शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कितीतरी गावांनी त्यात भाग घेतला. गल्ल्या झाडल्या गेल्या, भिंती रंगल्या, ग्रामपंचायतीत बाबांचा फोटो लागला. तपासणी समिती येण्याच्या आठवड्यात खराटे जोरात चालत आणि नंतर मंदावत, हा अनुभव अनेक गावांचा आहे. तरी शौचालयांची चर्चा चावडीवर प्रथम आली ती याच निमित्ताने. २००५ साली अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या मराठवाड्याने विद्यापीठाच्या नावासाठी सोळा वर्षे रक्त सांडले, टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंपासून नांदेडच्या गौतम वाघमारेंपर्यंत माणसे गमावली, त्यांना विद्यापीठाच्या पाटीवर कोणाचे नाव असावे याचे महत्त्व कोणी शिकवायला नको. परटाच्या घरी जन्मलेल्या निरक्षराचे नाव अमरावतीच्या पदवी प्रमाणपत्रावर छापले जाते.

धर्मशाळांचे काम त्यांच्या पश्चात मिशनने आणि विश्वस्तांनी पुढे नेले. मुंबईत दादरला, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून जवळ, बाबांच्या नावाची मोठी धर्मशाळा आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी आलेला रुग्ण आणि त्याच्याबरोबरचे माणूस यांची तेथे अल्प दरात राहण्याची सोय होते. देवगिरी किंवा नंदीग्रामने नांदेडहून, नाहीतर लातूर एक्सप्रेसने लातूरहून निघालेली, हातात तपासणीची फाईल धरलेली माणसे पहाटे दादरला उतरतात आणि पत्ता विचारीत तिकडे जातात. किनवट, हदगाव, अहमदपूर, निलंगा, कोठूनही आलेली असोत, दारात जात विचारली जात नाही. रुग्णालयाचा कागद पाहतात आणि खोली रिकामी असेल तर नाव लिहून घेतात.